आधी दोष ओळखा, मग ब्रिज बदला

20 जून 2019 रोजी न्यू यॉर्कमध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात डेव्हिड गिलमोर यांची फेंडर कंपनीची काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार 39 लाख 75 हजार डॉलरना विकली गेली. लिलावात गिटारला मिळालेली त्या वेळची ती सर्वांत मोठी किंमत होती. पिंक फ्लॉइडच्या या वादकाने ती 1970मध्ये त्याच शहरातल्या ‘मॅनीज’ या दुकानातून घेतली होती. या गिटारचे लाकूड एकदा खोदून पुन्हा भरलेले आहे. 1980च्या दशकात गिलमोर यांनी तिचा मूळ ट्रेमोलो, म्हणजे दांड्याने हलवता येणारा ब्रिज काढून तिथे काहलर कंपनीचा ट्रेमोलो बसवून घेतला, आणि तो मावावा म्हणून वरच्या बाजूने लाकूड कोरावे लागले. पुढे विचार बदलला. काहलर निघाला, खड्ड्यात लाकूड भरले गेले आणि फेंडरचा ब्रिज परत आपल्या जागी आला.

गिलमोर यांच्याकडे वाद्यांची देखभाल करणारा तंत्रज्ञ कायम हाताशी होता, आणि गिटार इतकी प्रसिद्ध होती की तिच्यावरची प्रत्येक खूण तिच्या इतिहासाचा भाग ठरली. पुण्यातल्या किंवा मडगावातल्या एखाद्या मुलाने साठवलेल्या पैशांतून घेतलेल्या गिटारला ही सवलत नसते. तिच्या लाकडाला पडलेले भोक तिची किंमत कमी करते, आणि चुकीच्या जागी पडले असेल तर ती धड सुरातही राहत नाही. तरीही घरी बसल्या बसल्या बदलता येईल असा भाग म्हणून नव्या वादकाची नजर आधी ब्रिजकडे जाते. स्क्रू काढायचे, नवा ब्रिज ठेवायचा, स्क्रू आवळायचे, इतके ते सोपे दिसते. म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ब्रिज बदलण्याला कारण असावे, आणि ते कारण नेमका दोष दाखवून सांगता आले पाहिजे. तसा दोष सापडला तर नवा ब्रिज मापाने निवडावा, आणि तो आहे त्याच भोकांत बसणारा असावा.

ब्रिज दिसतो लहान, पण त्याच्याकडे कामे बरीच असतात. तारेचे एक टोक बोटपट्टीच्या वरच्या टोकाशी असलेल्या नटवर टेकते आणि दुसरे ब्रिजवरच्या सॅडलवर. या दोन टेकूंमध्ये जितकी तार मोकळी असते तितकीच ती कंप पावते. तार बोटपट्टीपासून किती उंच राहील हे ब्रिज ठरवतो, आणि दोन तारांमध्ये किती अंतर असेल तेही. बोटपट्टीला हलका बाक असतो. जुन्या फेंडरवर त्याची त्रिज्या 7.25 इंच असते, आजच्या बहुतेक फेंडरवर 9.5 इंच आणि गिब्सनवर 12 इंच. सहाही सॅडलची उंची त्या बाकाशी जुळावी लागते. ज्या गिटारींना ट्रेमोलो असतो तिथे ब्रिज स्वतः हलतो, आणि दर वेळी त्याच जागी परत यावा ही अपेक्षा असते. पाचपैकी एक काम बिघडले की वादक म्हणतो, ब्रिज खराब झाला. बिघाड नेमका कोणत्या कामात आहे हे मात्र क्वचितच पाहिले जाते.

यातले सर्वांत नाजूक काम इंटोनेशनचे, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर ठेवण्याचे. स्ट्रॅटोकास्टरची ठरलेली तार-लांबी 25.5 इंच, म्हणजे 647.7 मिलिमीटर. बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर असतो, म्हणून तिथे दाबलेली तार मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकात बोलली पाहिजे. पण तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर थोडा चढतो; त्यातच तारेचा ताठपणा भर घालतो. हा चढ मारण्यासाठी सॅडल ठरलेल्या लांबीपेक्षा मागे सरकवावे लागते. सर्वांत पातळ तारेला एक-दोन मिलिमीटर पुरतात, सर्वांत जाड तारेला चार-पाच लागू शकतात. नीट जुळवलेल्या गिटारचे सॅडल म्हणूनच सरळ ओळीत नसतात. पातळ तीन तारांची एक उतरंड असते आणि जाड तीन तारांची दुसरी. ही जुळवाजुळव एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक ट्यूनर एवढ्यावर होते. गिटार वरच्या फ्रेटवर बेसूर वाजते म्हणून नवा ब्रिज मागवणाऱ्याने आधी तारा नव्या घालाव्यात आणि सॅडल सरकवून पाहावे. बहुतेकदा तेवढ्यात काम भागते.

तार कशावर टेकते याने आवाज बदलतो, हे मराठी कानांना नव्याने सांगायला नको. मिरजेत तानपुरे आणि सतारी पिढ्यान् पिढ्या घडत आल्या आहेत. 2024मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. तानपुऱ्याची घोडी, म्हणजे त्याचा ब्रिज, रुंद आणि किंचित उतरती असते. जवारी काढणारा कारागीर ती कानशीने इतकी हळुवार घासतो की तार पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा स्पर्श करत राहते, आणि घोडीवर तारेखाली घातलेल्या सुताने तो स्पर्श नेमका जुळवता येतो. सी. व्ही. रामन यांनी 1921मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर जो निबंध लिहिला त्यात याच घोडीची मीमांसा आहे. तारेच्या जुन्या नियमांनुसार जे उपस्वर ऐकूच येऊ नयेत, तेही तानपुऱ्यात या घोडीमुळे ठळकपणे घुमतात, हे त्यांनी दाखवून दिले. इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज याच्या नेमका उलट्या हेतूने घडवलेला असतो. तिथे तार एका बारीक कडेवरून स्वच्छ सुटायला हवी. सॅडल झिजून सपाट झाले की गिटारमधून सतारीसारखी झणझण येऊ लागते. 1967मध्ये गिटारवादक व्हिन्सेंट बेल यांच्या कल्पनेतून आलेल्या कोरल इलेक्ट्रिक सतारीत हीच झणझण सपाट ब्रिज लावून मुद्दाम आणली होती. इतर गिटारींवर ती ऐकू आली तर तो सॅडलचा दोष समजावा, आणि तो खरा, दाखवता येणारा दोष असतो.

मात्र ब्रिजवर येणारे सगळेच आरोप खरे नसतात. यातल्या कित्येकांचे मूळ तारांमध्ये आहे. 1950च्या दशकात फेंडर आणि गिब्सन यांनी आपले प्रसिद्ध ब्रिज घडवले तेव्हा इलेक्ट्रिक गिटारवर जाड तारा चढवल्या जात, आणि तिसरी तारही सहसा गुंडाळीची असे. पुढे तारा ओढून सूर वाकवण्याची शैली रुजली आणि वादकांना पातळ तारा हव्याशा झाल्या. कॅलिफोर्नियातल्या अर्नी बॉल यांनी 1962मध्ये ‘स्लिंकी’ नावाने पातळ तारांचा संच बाजारात आणला. हळूहळू तिसरी तार साधी झाली, सगळ्याच तारांचा ताण उतरला. ब्रिज मात्र जुन्या तारांच्या हिशेबाने बनत राहिले.

याची सर्वांत स्पष्ट साक्ष फेंडरच्या 1958च्या जॅझमास्टर गिटारमध्ये मिळते. तिचा ब्रिज दोन खांबांवर उभा असतो, ते खांब धातूच्या दोन वाट्यांमध्ये सैल बसतात, आणि ट्रेमोलोचा दांडा दाबला की पूर्ण ब्रिज तारांबरोबर पुढे-मागे डोलतो. कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर यांची ती विचारपूर्वक केलेली रचना होती. जाड तारांचा दाब ब्रिजवर पुरेसा पडत असल्याने ती चालतही होती. पातळ तारा आल्या आणि दाब कमी पडू लागला. सॅडलवर स्क्रूच्या आट्यांसारख्या बारीक खाचा होत्या. जोरात वाजवले की तार एका खाचेतून उडून दुसरीत जाई, ब्रिज खडखडे. 1980पर्यंत ही गिटार फेंडरच्या यादीतून गेली. त्यानंतर जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या या गिटारी सॉनिक यूथ आणि डायनोसॉर ज्युनियर यांच्यासारख्या बँडनी उचलल्या आणि त्यांच्यावर एक नवा आवाज उभा केला.

या खडखडीवर आज अनेक उपाय मिळतात. नेकच्या मुळाशी लाकडाची पातळ पाचर घातली की ब्रिज थोडा उंच घ्यावा लागतो आणि तारांचा कोन वाढून दाब वाढतो. याला खर्च जवळपास शून्य आहे. एक नंबर जाड तारा घालणे हा दुसरा उपाय. मस्टँग गिटारचे, एकेक खोल खाच असलेले सॅडल हा तिसरा. अमेरिकेतल्या जॉन वुडलँड यांनी घडवलेला मास्टरी ब्रिज हा चौथा आणि महाग. विल्को बँडचे नेल्स क्लाइन तो वापरतात. मास्टरी उत्तम कारागिरीचा ब्रिज आहे, यात शंका नाही, आणि तो मूळच्याच जागी बसतो ही त्याची मोठी जमेची बाजू. पण उपायांचा क्रम पाचरीपासून सुरू व्हावा. बाजारात मात्र पहिली शिफारस सर्वांत महाग भागाची होते, आणि हौशी वादक तिला भुलतो.

टेलिकास्टरची गोष्ट थोडी वेगळी. 1950मध्ये ही गिटार आली तेव्हा तिच्या पत्र्याच्या ब्रिजवर पितळेचे तीन सॅडल होते, म्हणजे दोन तारांना मिळून एक. दोन तारांना दोन वेगळ्या लांबी हव्या असताना सॅडल एकच, म्हणून एकीला खूश करताना दुसरी थोडी बेसूर होणार. तिसरी तार गुंडाळीची होती तोवर हे निभावले. साधी तार आल्यावर मधल्या जोडीचे गणित जास्तच बिघडले. यावर बहुतेकांना सुचतो तो उपाय सहा सॅडलच्या जाड ब्रिजचा. त्याने सूर अचूक होतो, पण टेलिकास्टरचे ब्रिजजवळचे पिकअप त्याच पत्र्यात लटकवलेले असते हे विसरून चालत नाही. तो पोलादी पत्रा पिकअपच्या चुंबकीय क्षेत्रात भाग घेतो. त्याच्या जागी पितळेचा किंवा जस्ताच्या मिश्रधातूचा जाड ब्रिज आला की ज्या टोकदार आवाजासाठी ही गिटार घेतली तोच बदलू शकतो. यावर साधा मार्ग आहे. तीनच सॅडल ठेवायचे, पण तिरके बसणारे किंवा दोन्ही तारांना वेगवेगळ्या लांबीवर टेकू देणारे घ्यायचे. असे सॅडल अनेक कंपन्या बनवतात. पत्रा तोच राहतो, पिकअप तेच राहते, आणि इंटोनेशनची चूक कानाला जाणवणार नाही इतकी कमी होते. टेलिकास्टरसाठी हीच निवड सर्वांत शहाणपणाची.

गिब्सनच्या बाबतीत बदल कधी कधी खरोखर अटळ असतो. पहिली लेस पॉल 1952मध्ये आली ती गिटारवादक लेस पॉल यांनीच आखलेल्या झुलत्या ब्रिजसह. नेकचा कोन इतका कमी होता की तारा ब्रिजच्या दांड्याच्या वरून न्यायच्या त्या खालून न्याव्या लागल्या, आणि उजवा तळहात तारांवर टेकवून वाजवणे अशक्य झाले. कंपनीने 1953मध्येच तो ब्रिज बदलला. पुढच्याच वर्षी गिब्सनचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांच्या कारकिर्दीत ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज आला. प्रत्येक तारेला स्वतंत्र, मागे-पुढे सरकणारे सॅडल देणारी ही रचना आजही जगभर नकलली जाते. तिच्या जुन्या एबीआर-1 प्रकारात एक कमजोरी आहे. हा ब्रिज सडपातळ असतो आणि दोनच टोकांना उचललेला असतो. वर्षानुवर्षांच्या ताणाने तो मध्ये खचतो, बाक सपाट होतो, आणि मधल्या दोन तारा फ्रेटवर घासू लागतात. ब्रिजच्या पाठीवर स्टीलची पट्टी आडवी धरली की खचलेला भाग लगेच दिसतो. असा ब्रिज बदललाच पाहिजे.

बदलायचा कशाने, इथे खरी परीक्षा. एबीआर-1चे खांब बारीक असतात आणि लेस पॉलवर ते थेट लाकडात फिरवलेले असतात. 1970च्या दशकात आलेल्या ‘नॅशव्हिल’ प्रकारात लाकडात मोठ्या व्यासाच्या पितळी नळ्या ठोकून त्यात खांब बसवतात; तो ब्रिज रुंद असल्याने सॅडलना सरकायला जागाही जास्त मिळते. आशियात बनलेल्या बहुतेक गिटारींचे खांब याहून जाड आणि मिलिमीटरच्या आट्यांचे असतात. तिन्ही ब्रिज छायाचित्रात भावंडे वाटतात, पण एकाच्या खांबावर दुसरा सहज बसत नाही. अशा वेळी लाकडातली भोके मोठी करण्याचा मोह होतो. तो टाळता येतो, कारण जपानची गोटो आणि जर्मनीची शालर यांच्यासारख्या कंपन्या या खांबांसाठी वेगवेगळ्या मापांचे ब्रिज बनवतात. शोधायला एक संध्याकाळ जास्त लागली तरी चालेल, ड्रिल हातात घेऊ नये.

सर्वाधिक चुका होतात त्या स्ट्रॅटोकास्टरवर, कारण तिच्या नकला जगात सर्वाधिक आहेत. 1954च्या मूळ रचनेत ब्रिज सहा स्क्रूंवर डोलतो. अमेरिकी जुन्या पद्धतीच्या ब्रिजवर बाहेरच्या दोन स्क्रूंमधले अंतर 56.4 मिलिमीटर असते. मेक्सिकोत आणि आशियात बनलेल्या अनेक गिटारींवर ते 52.4च्या आसपास असते. फरक चार मिलिमीटरचा, सुताराच्या भाषेत सव्वा सुताचा, पण तेवढ्याने महागडा अमेरिकी ब्रिज त्या भोकांत बसत नाही. तारांच्या अंतरातही असाच फरक असतो. रुंद ब्रिज अरुंद नेकवर चढवला तर दोन्ही कडेच्या तारा बोटपट्टीच्या काठावरून घसरतात. दोन खांबांवर डोलणाऱ्या नव्या ब्रिजमध्ये खांबांतले अंतर काहींचे 56 मिलिमीटर असते, तर फ्लॉइड रोझसारख्यांचे 74.

खालच्या बाजूचाही विचार करावा लागतो. ब्रिजच्या पोटाला धातूचा ठोकळा असतो. स्प्रिंगा त्यालाच अडकतात. फेंडरने 1970च्या दशकाच्या सुरुवातीला पोलादी ठोकळा सोडून जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव ठोकळा घेतला, आणि तेव्हापासून पोलादी ठोकळा बसवणे हा वादकांचा आवडता बदल झाला. पण स्वस्त गिटारींपैकी काहींचे अंग फेंडरच्या नेहमीच्या 45 मिलिमीटरपेक्षा पातळ असते, आणि पूर्ण उंचीचा ठोकळा त्यांच्या पाठीतून बाहेर डोकावतो. आटेही दोन जातींचे आहेत. अमेरिकी सॅडलचे बारीक स्क्रू इंची मापाचे, आशियाई गिटारींचे मिलिमीटरचे. एकाची किल्ली दुसऱ्याला जवळपास बसते आणि फिरवता फिरवता स्क्रूचे डोके गोल करून टाकते. वर्नियर कॅलिपर हे भारतातल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे साधन आहे. ते हातात घेऊन पाच मिनिटे घालवली तर ब्रिज परत पाठवण्याचे संकट टळते.

आता आवाजाबद्दल. जाहिरात सांगते की पितळेचे सॅडल उबदार, पोलादाचे चमकदार, टायटॅनियमचे दोन्ही, आणि जड ब्रिज लावला की सूर लांबतो. यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तारेची काही ऊर्जा तिच्या दोन्ही टोकांतून निसटते, आणि टोक किती घट्ट व जड आहे यावर ते अवलंबून असते. सैल सॅडल, हलणारे स्क्रू, खराब ओतलेला मऊ धातू यांनी आवाज मरतो, आणि ते बदलल्यावर फरक स्पष्ट कळतो. मात्र चांगल्या स्थितीतल्या ब्रिजच्या जागी दुसरा चांगला ब्रिज लावून मिळणारा फरक लहान असतो. नवे पिकअप, अॅम्प्लिफायरवर फिरवलेली एक कळ, किंवा नुसत्या नव्या तारा याहून जास्त बदल घडवतात. जो वादक ब्रिजला आवाजासाठी दोष देतो त्याने आधी तारा बदलाव्यात, पिकअपची उंची जुळवावी, स्क्रू घट्ट करावेत. तार वारंवार एकाच सॅडलवर तुटत असेल तर तिथे बोचरी कड असते. बारीक पॉलिश पेपरने ती घासली आणि खाचेत पेन्सिलीचे शिसे चोळले की बऱ्याचदा तारा टिकू लागतात.

फ्लॉइड रोझ ब्रिज हा या चर्चेतला सर्वांत मोठा मोह. फ्लॉइड रोझ यांनी 1970च्या दशकात तारा नटवर आणि सॅडलवर, दोन्हीकडे आवळून धरण्याची युक्ती काढली. 1979मध्ये तिचे पेटंट मिळाले. दांडा कितीही दाबला तरी सूर परत जागेवर येतो हे तिचे सामर्थ्य, आणि एडी व्हॅन हेलन यांनी ते जगाला ऐकवले. ज्यांच्या गिटारवर कारखान्यातूनच असा ब्रिज आला आहे त्यांना कधी ना कधी बदलाची वेळ येते. हा ब्रिज दोन खांबांवर सुरीच्या धारेने टेकलेला असतो. परवाना घेऊन बनवलेल्या स्वस्त नकलांची ही धार मऊ धातूची असते. ती बोथट झाली की ब्रिज शून्यावर परत येत नाही, आणि मग कितीही ट्यूनिंग करा, व्यर्थ. अशा गिटारला कडक पोलादाचा मूळ फ्लॉइड रोझ लावणे हा पैशांचा सार्थ उपयोग आहे, मात्र खांबांचे अंतर, ठोकळ्याची उंची आणि खोबणीचा आकार तपासूनच. ज्या गिटारवर तो कधीच नव्हता तिच्यावर बसवायचा तर मागे-पुढे लाकूड कोरावे लागते आणि नटही कापावा लागतो. त्यापेक्षा जुनी गिटार विकून मुळातच फ्लॉइड रोझ असलेली गिटार घेणे स्वस्त पडते.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. इलेक्ट्रिक गिटारचा इतिहासच खोदकामाचा आहे. व्हॅन हेलन यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ गिटार सुट्या भागांतून जोडलेली होती, आणि तिच्या ब्रिजखाली आधार म्हणून त्यांनी पंचवीस सेंटचे नाणे स्क्रूने बसवले होते. वाद्याला हात न लावता नवा आवाज कोणी शोधायचा? पण ते नाणेच या लेखाच्या बाजूने बोलते. दोष नेमका कळला होता, आणि त्यावर हाताशी असलेला सर्वांत साधा उपाय योजला गेला. एरिक क्लॅप्टन यांना ट्रेमोलो नको होता तेव्हा त्यांनी स्ट्रॅटोकास्टरचा ब्रिज बदलला नाही. ठोकळ्यामागे लाकडाचा तुकडा अडकवून तो स्थिर केला. तुकडा काढला की गिटार पूर्ववत. प्रयोग जरूर करावेत, आणि ते परतवता येतील असे करावेत.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात या प्रश्नाला हवामानाची जोड मिळते. खारी हवा आणि घाम यांनी सॅडलचे बारीक स्क्रू गंजतात, निकेलचा मुलामा उडतो, आणि एक दिवस स्क्रू हलेनासा होतो. इथल्या वादकाने ब्रिज बदलताना स्टेनलेस स्टीलच्या सॅडल-स्क्रूंना प्राधान्य द्यावे, आणि ठोकळ्याच्या वजनापेक्षा त्याचा विचार आधी करावा. पावसाळ्यात दुसरी फसगत होते. लाकूड ओल शोषते, नेकचा बाक बदलतो, तारा फ्रेटला लागू लागतात, आणि दोष ब्रिजवर ढकलला जातो. नेकमधला ट्रस रॉड थोडासा फिरवला की गिटार पुन्हा बोलू लागते. जून-जुलैमध्ये घेतलेला ब्रिजबदलाचा निर्णय ऑक्टोबरपर्यंत थांबवायला हरकत नाही.

याच कारणाने सेटअप करणाऱ्या कारागिराला त्याचे मोल मिळायला हवे. नामांकित परदेशी ब्रिजची किंमत, टपाल आणि आयातशुल्क धरून, सुरुवातीच्या गिटारच्या किमतीच्या जवळ जाते, आणि तेवढे पैसे लोक खळखळ न करता मोजतात. तेच लोक तासभर बसून नेक, नट, सॅडल आणि फ्रेट तपासणाऱ्या माणसाशी शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतात. मिरजेत जवारी काढणाऱ्याच्या कानाला आणि हाताला जो मान आहे तो गिटार जुळवणाऱ्यालाही मिळाला पाहिजे. ब्रिज बदलायचा की नाही हे सांगण्याची पात्रता त्याच्याकडेच सर्वांत जास्त असते.

दुकानदार आणि ऑनलाइन विक्रेते यांच्याकडूनही एक अपेक्षा आहे. चपलेवरही आकडा छापलेला असतो. ब्रिजच्या डब्यावर मात्र बहुधा ‘स्ट्रॅट’ किंवा ‘लेस पॉल’ एवढेच असते, आणि ते पुरेसे नाही. डब्यावर सहा गोष्टी असाव्यात: स्क्रूंमधले किंवा खांबांमधले अंतर, पहिल्या आणि सहाव्या तारेतले अंतर, ठोकळ्याची उंची, आट्यांची जात, बाकाची त्रिज्या आणि धातू. आयातदाराकडे हे आकडे असतात. ते मराठीतून किंवा इंग्रजीतून एका ओळीत छापायला खर्च येत नाही. ग्राहकानेही आपल्या गिटारची हीच मापे कागदावर लिहून दुकानात जावे आणि आकडे जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नवा ब्रिज बसल्यावर जुना फेकू नये. स्क्रू, स्प्रिंगा आणि सॅडलसह तो पिशवीत भरून गिटारच्या केसमध्ये ठेवावा. पुढे गिटार विकायची वेळ आली तर जाणकार गिऱ्हाईक तो मागणारच.